हवामान कोरडे, आकाश निरभ्र

आमच्या घरमालकांना रस्त्यात कुणी विचारलं, "काय काका, बरं हाय ना?" तर ते आधी आभाळाकडे बघायचे आणि मग सांगायचे, "हाव, बरं हाय. वारं उत्तरेचं हाय." विचारणारा हसत पुढे जायचा. लोकांना वाटायचं म्हातारा उडवाउडवी करतो. मी त्यांच्या घरात सहा वर्षं राहिले, म्हणून खात्रीनं सांगते, उडवाउडवी वगैरे काही नव्हतं. आपल्याला कुणी आपल्याबद्दल विचारतंय हे त्यांच्या डोक्यातच शिरायचं नाही.

नव्वदनंतरच्या वर्षांत माझी बदली नाचणगावच्या शाळेत झाली. मी एकटी, लग्नाचं वय मागे पडत चाललेलं, आणि तोंडानं फटकळ. शाळेतल्या शिपायानं खोली दाखवायला नेलं आणि फाटकाशीच बजावलं, "मॅडम, खोली चांगली हाय, विहीर हाय, मालक एकटाच राह्यते. फक्त दिमागानं जरासा हललेला हाय."

"म्हणजे काय करतात?"

"काई नाई करत. हवा मोजते."

अंगणाच्या मधोमध चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी होती. चारी बाजूंनी तिरप्या पट्ट्या, पुढे छोटंसं दार. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, यातली कबुतरं कुठं गेली?" झालं! दोन दिवस माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं, पेटीचं दार उघडलं आणि आत टांगलेल्या दोन थर्मामीटरांची ओळख करून दिली. एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. "हा कोरडा. हा ओला. दोघायतलं अंतर पाहाचं. अंतर वाढलं का हवा कोरडी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कबुतरं नाई राहत यात."

नोकरीभर ते एका सरकारी फार्मवर हवामानाच्या नोंदी घ्यायचं काम करत होते. निवृत्त झाले तेव्हा तिथून निघताना त्यांना निरोपाचा नारळ मिळाला आणि काम थांबलं. म्हणजे बाकीच्यांच्या लेखी थांबलं. यांनी सुताराकडून तशीच पेटी करून घेतली, थर्मामीटर आणले, पाऊस मोजायचं भांडं जमिनीत पुरलं, आणि सकाळी सात व दुपारी दोन अशा दोन नोंदी पूर्वीसारख्याच चालू ठेवल्या. ती वही तपासायला कुणी येणार नव्हतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्या दोन नोंदींनी त्यांना पार बांधून ठेवलं होतं. सातची नोंद झाली की दोनच्या आत परत येता येईल तेवढंच त्यांचं जग. देवळीला पुतणीचं लग्न होतं, तर हे अक्षता हातात घेऊन मंगलाष्टकांच्या आधीच बसस्टँडवर. पुतणी रडली, भावजय बोलू नये ते बोलली. यांचं एकच, "मुहूर्त पुढं ढकलला त्यायनं. मी घड्याळ पुढं ढकलू काय?"

ओट्याच्या भिंतीवर एक काळा फळा होता. दर रविवारी दोनची नोंद घेऊन झाली की त्यावर ते येत्या आठवड्याचा अंदाज लिहायचे. रेडिओवर नागपूरच्या बातम्यांत हवामान सांगत, ते कान देऊन ऐकायचे आणि नाक मुरडायचे. "ते नागपूरचं सांगते. आपलं आपल्यालेच पाहा लागते." बोलायचे अस्सल वऱ्हाडी, पण फळ्यावरची भाषा पुस्तकी. 'आकाश मुख्यतः निरभ्र. हवामान कोरडे. पहाटे सुखद गारवा, दुपारी सौम्य ऊन. विशेष घटना संभवत नाही.' अक्षर असं की माझ्या वर्गात फळ्यावर लिहायची मला लाज वाटावी.

पावसाळ्यात त्या फळ्यापुढे सायकली थांबायच्या. पण खुद्द काकांचा जीव होता तो महाशिवरात्र ते होळी या दिवसांतल्या फळ्यावर, ज्या दिवसांत काही म्हणजे काही होत नाही. थंडी गेलेली, उन्हाळा अजून लागलेला नाही, पानगळ चालू. त्या आठवड्याचा अंदाज ते तीन-तीनदा पुसून लिहायचे. मी एकदा वैतागून म्हणाले, "काका, काही होणारच नाहीये तर एवढा खल कशाला?"

खडू खिशात ठेवत म्हणाले, "बाई, पाऊस येईन म्हणणं सोपं हाय. आला त आला, नाई आला त आभाळ पांगलं म्हणता येते. पण काई होणार नाई, हे छातीले हात लावून सांगाले दम लागते."

या कोरड्या आठवड्यांचे एकमेव वाचक म्हणजे बायका. शेजारच्या काकू पदर खोचून फळ्यापुढे उभ्या राहायच्या, एकेक शब्द जोडत मोठ्यानं वाचायच्या आणि शेवटी विचारायच्या, "ते सौम्य-बिम्य जाऊ द्या. मुंगवड्या टाकू का नको?"

"बुधवारलोक टाका. बेस्तरवारी वारं हाय, धूळ बसन."

आणि आळीतल्या सगळ्या गच्च्यांवर बुधवारपर्यंत मुंगवड्या, कुरड्या, पापड. बेस्तरवारी एकही नाही. हा इथला रिवाजच पडून गेला होता. शिवरात्रीनंतर काकांच्या फळ्यावर कोरडा आठवडा उमटल्याशिवाय कुणी गहू भिजत घालायचं नाही.

एकदाच चुकले. माझं दुसरं वर्ष असेल. भर दुपारी कुठून एक ढग आला आणि दहा मिनिटं सडा घालून गेला. काका अनवाणी या गच्चीवरून त्या गच्चीवर धावत होते, कुरड्यांची लुगडी उचलायला बायकांना मदत करत होते. निम्म्या कुरड्यांचा लगदा झाला. काकूंनी तो सगळा शिजवून यांच्याकडे पाठवला. "खाय म्हणा आता!" यांनी आठ दिवस तोच खाल्ला, तक्रार नाही. आणि त्याच संध्याकाळी फळा पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अंदाज चुकला. चूक माझी आहे.' महिनाभर ते तसंच ठेवलं. रस्त्यानं जाणारा-येणारा वाचत होता. हा माणूस कशाला म्हणून भीत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्यांना एक मुलगी होती. नागपूरला दिलेली. दिवाळीला तिचं चार ओळींचं पत्र यायचं, ती मात्र कधी यायची नाही. का, ते मला काकूंनी मुंगवड्या टाकता टाकता सांगितलं.

मी यायच्या पाच-सहा वर्षं आधी काकांची बायको वर्ध्याच्या दवाखान्यात शेवटचं दुखणं काढत होती. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आता आज-उद्याचं आहे. खाटेशी हे दोघं, बाप आणि लेक. अकराच्या सुमाराला हे उठले. "दोनची नोंद घेऊन येतो," म्हणाले आणि गेले. तीनच्या आत बाई संपली. हे चारला उगवले. तेरवीच्या दिवशी लेकीनं भरल्या अंगणात विचारलं, "बाबा, माय मरून राह्यली होती, आन् तुम्ही काई झालं नाई हे लिहाले घरी गेलते काय?" यांनी खाली मान घातली. लेक त्याच संध्याकाळी गेली, ती या घराचा उंबरा पुन्हा चढली नाही.

ऐकून माझं डोकंच फिरलं. असला कसला नवरा आणि असला कसला बाप! आठवडाभर मी काकांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. पण आठव्या दिवशी त्यांनी मला एक पोस्टकार्ड दिलं. "बाई, पुलगावले जाऊन राह्यल्या ना? तेवढं पेटीत टाकजा." पत्ता लेकीचा. मागे फळ्यावरचा मजकूर जसाच्या तसा. आकाश निरभ्र, हवामान कोरडे, गारवा सुखद. खाली एक वाक्य मात्र फळ्यावर नव्हतं. 'आठवडा प्रवासास योग्य.'

दर रविवारी एक कार्ड जात असे. पुलगावच्या टपालपेटीपाशी मी ते वाक्य वाचलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. 'ये' हे दोन अक्षरांचं—काय म्हणतेय मी, एका अक्षराचं पत्र त्यांना लिहिता येत नव्हतं. रेडिओवरचं नागपूरचं हवामान ते इतके कान देऊन का ऐकतात, तेही तेव्हा कळलं. "नागपूरले आज गारवा हाय," एवढंच म्हणून ते रेडिओ बंद करायचे आणि एकटेच ओट्यावर बसून राहायचे. मी वह्या तपासत आत बसलेली असे. दोन एकटी माणसं एका घरात राहिली म्हणजे सोबत होते असं काही नाही, हे मी तिथं शिकले.

मी मनाशी ठरवलं, या बापलेकीची गाठ घालून द्यायची. काम माझं नव्हतं, पण मला राहवेना.

संधी आली ती माझ्या चौथ्या वर्षी. लेकीनं नागपूरला घर बांधलं. पत्र आलं, 'रविवारी वास्तू आहे. यायचं असेल तर या.' काकांनी पत्र चारदा वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "जमत नाई. दोनची नोंद हाय."

मी भडकलेच. त्यांना हाताला धरून फळ्यापुढे उभं केलं. "वाचा. तुमच्याच हातचं आहे. विशेष घटना संभवत नाही! मग जे होणार नाही ते बघायला इथं काऊन थांबता? चार वर्षं त्या पोरीला प्रवासास योग्य, प्रवासास योग्य लिहिताय. तुम्हाला नाही का योग्य?"

कार्ड मी वाचते हे त्यांना कळलं. रागावले नाहीत. मग म्हणाले, "नोंद कोण घेईन?"

"मी घेईन."

चार दिवस त्यांनी मला शिकवलं. दार उत्तरेकडून उघडायचं. श्वास रोखून धरायचा, नाहीतर आपल्याच श्वासानं पारा चढतो. डोळा पाऱ्याच्या रेषेत. आधी कोरडा, मग ओला. हात लावायचा नाही. शनिवारी माझी परीक्षा घेतली, आणि एक रेघ चुकले तर पुन्हा घेतली. रविवारी सातची नोंद आटोपून ते धुतलेला पायजमा-शर्ट आणि टोपी घालून निघाले. काकूंनी डब्यात मुंगवड्या दिल्या. "पोरीले म्हणा, आता येजो एकदा." पुलगाव स्टेशनवर गाडीत बसेपर्यंत ते मला ओल्या फडक्याबद्दल सूचना देत होते.

बरोबर दोनला मी पेटी उघडली. श्वास रोखून आकडे बघितले, त्यांच्या खोलीत गेले आणि वहीत लिहिले. वही मिटली. समोर फळीवर जुन्या वह्या वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या. आणि मग मी करू नये ते केलं. त्यांची बायको गेली त्या वर्षीची वही काढली आणि महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसाचं पान उघडलं. बघावं म्हटलं, बायको मरत असताना या माणसाचं अक्षर तरी हललं होतं का!

सातची नोंद तिथं होती. सकाळी घरून नोंद घेऊनच ते दवाखान्यात गेले असणार. दोनची जागा कोरी होती.

मी पुढची पानं उलटली, मागची उलटली. दुसऱ्याही वह्या काढल्या. ताप असतानाची नोंद होती, लगीनघाईतली होती, बायकोच्या मयतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातचीसुद्धा होती. इतक्या वर्षांत कोरी जागा एकच. म्हणजे त्या दुपारी काका घरी आलेच नव्हते.

दिवेलागणीला ते परतले. मी चहा ठेवला. "कसं झालं?"

"घर मोठं हाय. गच्चीवर वारं चांगलं लागते."

"लेक बोलली का?"

"हाव. इकडली हवा विचारली तिनं."

मला राहवेना. ती जुनी वही आणून त्यांच्यापुढे उघडली. "काका, त्या दिवशी तुम्ही नोंद घ्यायला आलाच नव्हता. कुठं होता?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्हाले आजचं पान लिहाले सांगितलं होतं, बाई." मग वही मिटून म्हणाले, "तिचा श्वास अटकून राह्यला होता. एक घेतला का दुसऱ्याची वाट पाहाची. जन्मभर मी जे दिसते ते पाह्यलं आन् लिहिलं. ते मले नाई पाहावलं. उठाले काईतरी कारण पाह्यजे होतं, तोंडात दोनची नोंद आली. दवाखान्याच्या मागं लिंबाचं झाड हाय, त्याच्याखाली बसून राह्यलो. चारपर्यंत. वर जायची हिंमतच होये ना."

"अहो, मग हे पोरीला सांगा ना! तिला वाटतंय तुम्ही आईला पाऱ्यासाठी सोडलं."

"आता नाई, बाई. आज पाह्यलं मी तिले. तिले नाई ऐकाचं." आणि मग म्हणाले ते अजून माझ्या कानात आहे. "आता तिच्या लेखी बाप येडा हाय. येड्याले माणूस एखाद्या दिवशी माफ करते. भेकडाले कोण करते?"

मी तिला सांगते म्हटलं, तर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. "शब्द द्या." मी दिला. आजवर फार कमी गोष्टींचा पश्चात्ताप झाला मला, त्यात हा शब्द पहिला.

दोन वर्षांनी माझी बदली हिंगणीला झाली. मग दर रविवारचं एक कार्ड मलाही येऊ लागलं. नाचणगावचं आभाळ मला हिंगणीत कळून काय करायचं होतं? पण मी वाट बघायची. माझ्या कार्डावर प्रवासाचं वाक्य नसे. ते एकाच पत्त्यासाठी राखून ठेवलेलं होतं. लेकीकडून दिवाळीच्या चार ओळी यायच्या, त्यापलीकडे काही नाही. तसेच आणखी काही पावसाळे गेले. एका वर्षी थंडीच्या तोंडाशी आठवड्याचं कार्ड आलं नाही, काकूंच्या मुलाचा शाळेत फोन आला. सकाळी सातला अंगणात दिसले नाहीत, म्हणून काकू बघायला गेल्या. झोपेतच गेले होते.

तेरवीला मी नाचणगावला गेले. लेकीला मी पहिल्यांदाच बघत होते. केस पांढरे व्हायला लागलेले, जिवणी थेट बापाची. पंगती उठल्यावर ती आतल्या खोलीत चादरींच्या घड्या घालत बसली होती. मी जवळ जाऊन बसले. तिनं वर न बघता विचारलं, "तुम्ही सहा वर्षं होत्या ना इथं, मॅडम? माझ्याबद्दल काई बोलत होते बाबा?"

ज्यांना शब्द दिला ते गेले होते. मी सगळं सांगून टाकलं. कोरी जागा, लिंबाचं झाड, चारपर्यंत बसून राहणं. येड्याला माफी मिळते हेही सांगितलं. सांगताना मलाच रडू फुटलं. ती घड्या घालत राहिली.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"वॉर्डाच्या खिडकीतून दिसून राह्यले होते ते. टोपी हातात घेऊन लिंबाखाली बसले होते. मी आईले म्हटलं, बाबा खालीच हायेत, बलावून आणते. आई म्हणे, राहू दे. भेतात ते. नको लाजवू त्यायले."

"मग तेरवीला तसं काऊन बोललीस त्यांना?"

"मनात आलं, निदान तेव्हा तरी खरं बोलतील. मी त्यायच्या गळ्यात पडून रडणार होती. ते गप्प बसले. मग मलेही राग आला, आन् तो राग मी धरून ठेवला."

तिनं चादर बाजूला ठेवली.

"वास्तूच्या दिवशी पाहुणे गेले, आम्ही दोघंच बसलो होतो. त्यायनं कप खाली ठेवला, माझं नाव घेतलं. म्हणे, 'त्या दिवशी मी...' एवढंच म्हटलं होतं, मॅडम. आन् मी उठली. दूध उतू जाते म्हणून आत पळाली. गॅसवर काईच नव्हतं. ओटा धरून उभी राह्यली नुसती. त्यायनं बराच वेळ वाट पाह्यली. गाडीची वेळ झाली तवा बाहेरूनच म्हणाले, 'येतो मी.' मी आतूनच हाव म्हटलं."